नुसत्या उजेडावर पोट भरत नाही

जुलै १९२८मध्ये चार्ल्स मॉरिस याँग हा २८ वर्षांचा इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड किनाऱ्यासमोरच्या लो आइल्स या चिमुकल्या बेटांवर उतरला आणि वर्षभर तिथेच मुक्काम ठोकून राहिला. ग्रेट बॅरियर रीफवर गेलेल्या ब्रिटिश मोहिमेचा तो प्रमुख होता. मोहिमेने बरंच काही मोजलं, नोंदलं. याँगला स्वतःला मात्र एका साध्या प्रश्नाने पछाडलं होतं: प्रवाळ खातं काय? काचेच्या भांड्यांत जिवंत प्रवाळ ठेवून त्याने आणि सहकाऱ्यांनी त्यांच्यापुढे नाना तऱ्हेचं खाणं टाकून पाहिलं. मांसाचे कण आणि बारीक प्राणिप्लवक आत गेले, वनस्पतिजन्य पदार्थांना दाद मिळाली नाही. काही प्रवाळं अंधाऱ्या पेट्यांत कोंडली, तर त्यांनी अंगातलं शेवाळ बाहेर टाकलं, पण खायला मिळत होतं तोवर जीव धरून राहिली. याँगचा निवाडा स्पष्ट होता. प्रवाळ पक्कं मांसाहारी, आणि त्याच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शेवाळ म्हणजे फार तर टाकाऊ द्रव्यं उपसणारा भाडेकरू. त्या भाडेकरूला प्रवाळ खात नाही, हे त्याने ठामपणे सांगितलं.

पुढच्या काळात हा निवाडा एकदा पार उलटला, मग अर्धा सुलटा झाला, आणि २०२३मध्ये त्याच्या शेवटच्या कलमालाही धक्का बसला. या प्रत्येक वळणाची झळ आणखी एका जमातीला बसत गेली. ती म्हणजे घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवून त्यात जिवंत प्रवाळ वाढवणारे हौशी. अमेरिकेत आणि युरोपात हा छंद चांगलाच रुजलेला आहे. दोनशे-चारशे लिटर पाणी, तापमान २५-२६ अंश, दर हजार भागांत ३५ भाग मीठ, वर निळसर झाक असलेले एलईडी दिवे आणि आत लाटांचा भास करणारे पंप, एवढं पैसे खर्चून जमतं. गाडं अडतं ते जेवणापाशी.

आधी खाणाऱ्याची ओळख. प्रवाळाची वसाहत म्हणजे चुन्याच्या सांगाड्यावर खेटून बसलेले शेकडो पॉलिप. पॉलिप ही एक पिशवी, वर तोंड आणि तोंडाभोवती स्पर्शिकांचं कडं. दार एकच असल्यामुळे जेवण जिथून आत जातं तिथूनच चोथा बाहेर येतो. स्पर्शिकांवर दंशपेशी असतात. त्यांत गुंडाळून ठेवलेला विषारी धागा भक्ष्याचा स्पर्श होताच सुटतो. प्रवाळाच्या नात्यातल्या हायड्रावर अतिवेगवान कॅमेरा रोखून २००६मध्ये हा वेग मोजला गेला, तेव्हा धागा सुटायला ७०० नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळ लागतो असं दिसलं. दंशाच्या जोडीला अंगावरचा चिकट श्लेष्म असतो. त्यात कण अडकतात आणि सूक्ष्म केसांच्या लाटेवर तोंडाकडे सरकतात.

तिसरी तऱ्हा पाहणाऱ्याला किळस आणणारी. पोटातल्या पडद्यांचे पांढुरके धागे तोंडातून बाहेर काढायचे, भक्ष्यावर पसरायचे आणि ते बाहेरच्या बाहेर पचवायचं. नेदरलँड्सच्या वाखेनिंगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११मध्ये गॅलेक्सिया या प्रवाळाला आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या इवल्या जिवाची पिल्लं खायला घालून नेमकी मोजदाद केली. पकडलेल्या पिल्लांचा मोठा भाग गिळलाच जात नव्हता, श्लेष्मात गोळा करून बाहेरच जिरवला जात होता. त्यामुळे ‘माझं प्रवाळ काही खात नाही, तोंड उघडतच नाही’ ही हौशी मंडळींची नेहमीची तक्रार तपासून घ्यावी लागते. आणि भूक किती असावी? २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नोंदीत, लाल समुद्रातल्या एलात इथे फंगिया जातीचं प्रवाळ अख्खी जेलीफिश पोटात घेताना दिसलं होतं.

एवढं शिकारी शरीर असूनही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शास्त्रज्ञांचं लक्ष शिकारीवरून शेवाळावर गेलं, आणि त्याला सबळ कारण होतं. १९५०च्या दशकात जमैकात टॉमस गोरो याने किरणोत्सारी कॅल्शियम वापरून दाखवलं की प्रवाळ उजेडात अंधारापेक्षा कितीतरी वेगाने सांगाडा बांधतं. पाठोपाठ लेनर्ड मस्कटाइन आणि इतरांनी शेवाळाने तयार केलेलं अन्न प्रवाळाच्या अंगात कसं झिरपतं त्याचा माग काढला. उथळ, लख्ख उजेडातल्या प्रवाळात शेवाळ आपल्या कमाईतला ९० टक्क्यांहून जास्त कार्बन घरमालकाला देऊन टाकतं, हा आकडा १९८४च्या एका गाजलेल्या शोधनिबंधातला. याँगचा भाडेकरू अशा रीतीने घरातला कर्ता पुरुष ठरला.

त्याच शोधनिबंधात एक मेखही होती. शेवाळ देतं त्या अन्नात कार्बन भरपूर, पण नायट्रोजन जवळपास नाहीच. रोज पोटभर उसाचा रस मिळावा आणि डाळीचा दाणाही मिळू नये, तशातला प्रकार. दिवसभराची ऊर्जा त्यातून निघते, पण नवं मांस, नवी अंडी, जखमेवरची नवी कातडी त्यातून होत नाही.

हौशी मंडळींनी मेख सोडली आणि आकडा उचलला. घरगुती प्रवाळटाकीचा इतिहास सांगताना जकार्ताच्या ली चिन एंग यांचं नाव आधी घेतात. जिवंत खडक आणि बुडबुडे एवढ्यावर समुद्री जीव कसे टिकवायचे, हे त्यांनी १९६१मध्ये एका अमेरिकन मासिकात लिहिलं होतं. पुढे जर्मनीत ‘बर्लिन पद्धत’ घडली. तिच्यात जिवंत खडक, प्रखर दिवे आणि पाण्यात हवा घुसळून सेंद्रिय घाण फेसावाटे बाहेर काढणारा स्किमर असे. १९८६नंतर अमेरिकेतही अशा टाक्यांची लाट आली. पाणी आरशासारखं हवं, प्रवाळाला उजेड पुरतो आणि खाणं टाकलं की टाकी बिघडते, अशी समजूत पक्की होत गेली. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणणं हा पराक्रम मानला जाऊ लागला. पाणी खरोखर नितळ झालं. प्रवाळं मात्र फिकी पडली, सांगाड्यावरचं मांस पातळ झालं, आणि भुकेल्या टाक्यांत तळावर डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय जिवांची तपकिरी, बुडबुडेदार साय धरू लागली. टाकी चकचकीत ठेवणाऱ्यांच्याच वाट्याला ती यावी, हा दैवदुर्विलास नव्हे. स्पर्धक उपाशी मारले की रिकामी जागा असा कोणीतरी बळकावतोच.

दरम्यान मोनॅकोच्या वैज्ञानिक केंद्रात क्रिस्तीन फेरिए-पाजेस आणि सहकारी स्टायलोफोरा या प्रवाळाच्या दोन पंगती मांडत होते. एका पंगतीला प्राणिप्लवक वाढलं, दुसरीला नुसता उजेड. खाणाऱ्या पंगतीत प्रथिनं वाढली, शेवाळाचं हरितद्रव्य वाढलं आणि सांगाडाही भराभर चढला. आणखी बोलकं उदाहरण हवाईचं. तिथे अँड्रिया ग्रोटोली यांच्या गटाने २००६मध्ये दाखवलं की पाणी तापून शेवाळ गमावलेलं, पांढरं पडलेलं मॉन्टिपोरा कॅपिटाटा शिकार वाढवून आपली ऊर्जेची गरज भागवतं आणि सावरतं. शेजारच्या पोरायटिस या प्रवाळाला ते साधलं नाही. एकाच समुद्रात, एकाच संकटात, भूक बदलता येणारा तगला. घरच्या टाकीतही सगळ्यांना एकच माप चालत नाही, याचं यापेक्षा चांगलं प्रमाण मिळणार नाही.

मापाची पहिली कसोटी तोंडाचा आकार. रोटिफर हा सूक्ष्म प्राणी असतो मिलिमीटरच्या एक ते तीन दशांशांएवढा, आर्टेमियाचं ताजं पिल्लू साधारण अर्ध्या मिलिमीटरचं, तर गोठवलेली मायसिस ही इवलीशी कोळंबी सेंटिमीटरच्या आसपास. ‘टॉर्च’, ‘हॅमर’, ‘एकॅन’ अशा बाजारी नावांनी विकली जाणारी मांसल, मोठ्या तोंडाची प्रवाळं मायसिस आनंदाने घेतात. आठवड्यातून दोनदा एका तोंडाला एक-दोन तुकडे पुष्कळ झाले. प्रेमापोटी मोठा तुकडा भरवला तर प्रवाळ तो आत घेतं, काही तासांनी ओकून टाकतं, आणि तो खडकामागे कुजतो. गोनिओपोराची गत उलटी. लांब देठाचा, फुलासारखा दिसणारा पॉलिप पाहून लोक त्याच्यापुढे मोठा घास धरायचे. घरी आणल्यावर हळूहळू आक्रसत जाऊन मरण्याबद्दल हे प्रवाळ बदनाम होतं. त्याला पिठासारखं बारीक खाणं वारंवार लागतं, हे ध्यानात आल्यावर त्याची बदनामी बरीच कमी झाली.

आर्टेमियाची पिल्लं घरी काढणं हा या छंदातला एक छोटा जोडधंदाच. आर्टेमियाची सुकी अंडी डब्यातून मिळतात, बहुतेक अमेरिकेतल्या युटाच्या ग्रेट सॉल्ट लेकमधून गोळा केलेली. मुंबईशीही या जिवाचा संबंध आहे. भारतातली त्याची एक जुनी नोंद १९५०च्या दशकातली आहे, ती वडाळ्याच्या मिठागरांतली. प्लास्टिकची बाटली उलटी टांगायची, त्यात खारं पाणी, खालून हवेची नळी आणि चिमूटभर अंडी. २८ अंशांच्या आसपास चोवीस तासांत पाणी नारिंगी दिसू लागतं. हवा बंद केली की टरफलं वर तरंगतात, न फुटलेली अंडी तळाशी बसतात, आणि पिल्लं दिव्याच्या दिशेने धावतात. बाटलीच्या एका अंगाला विजेरी धरली की तिथे नारिंगी ढग जमतो. तेवढाच नळीने ओढून घ्यायचा, बारीक गाळणीत गोड्या पाण्याने धुवायचा आणि लगेच टाकीत सोडायचा. लगेच यासाठी, की पिल्लाच्या पोटातला बलक हेच त्यातलं सत्त्व आणि अर्ध्या दिवसात ते स्वतःच तो खर्च करून बसतं. दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायची झाली तर आधी त्यांनाच शैवाल किंवा तेलाचं मिश्रण भरवून पुष्ट करावं लागतं.

आता वेळ. समुद्रात दिवसा तळाशी दडलेले प्राणिप्लवक रात्री वर येतात, म्हणून कित्येक प्रवाळं दिवसा मूठ आवळून बसतात आणि काळोख पडल्यावर स्पर्शिका सोडतात. टाकीच्या मालकाने मात्र रात्री दहा वाजता पिपेट घेऊन उभं राहायलाच हवं असं नाही. प्रवाळ डोळ्यांवाचून वासाने जेवतं. प्रोलिनसारखी अमिनो आम्लं आणि ग्लुटाथायोन पाण्यात आली की स्पर्शिका आणि तोंड हलू लागतात, हे १९५०-६०च्या दशकांतल्या हायड्रा आणि प्रवाळांवरच्या प्रयोगांतून कळलेलं आहे. तेच ज्ञान घरी असं वापरतात: गोठवलेल्या मायसिसची वडी वाटीत विरघळवायची, आधी नुसतं पाणी थेंब-थेंब टाकीत सोडायचं आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. ताठ फुगलेलं, गुळगुळीत दिसणारं ‘एकॅन’ या वेळात आपली कड मागे ओढून घेतं, मधली तोंडं बशीसारखी खोलगट होतात आणि कडेने पारदर्शक स्पर्शिकांची झालर उगवते. मग मुख्य पंप आणि स्किमर थांबवायचा, लाटांचा पंप अगदी मंद करायचा आणि पिपेटचं टोक दोन बोटं वर धरून घास अलगद सोडायचा. पिचकारी मारली की प्रवाळ मिटतं.

इथवर सगळं शास्त्रशुद्ध. मग खडकामागून लाल-पांढऱ्या पट्ट्याची क्लीनर कोळंबी निघते. माशांच्या अंगावरचे परजीवी खाण्याबद्दल तिचं कौतुक होतं, पण जेवणाच्या वेळी ती निव्वळ दरोडेखोर. प्रवाळाने घास गिळायला दहा-वीस मिनिटं लावावीत आणि तिने त्याच्या उघड्या तोंडात पाय घालून मायसिस उपसून न्यावी, हे नित्याचं. यावर महागडं यंत्र नाही. पाण्याच्या बाटलीचा वरचा अर्धा भाग कापून तो प्रवाळावर पालथा घालतात, बुचाच्या भोकातून पिपेट आत घालतात आणि जेवण आटोपेपर्यंत तसाच ठेवतात.

अक्रोपोरासारख्या फांद्यांच्या प्रवाळांना असं पानावर बसवून वाढता येत नाही. मिलिमीटरभराच्या हजारो तोंडांपुढे पिपेट काय करणार? इथे कित्येक अनुभवी हौशांचा सल्ला सरळ असतो: प्रवाळाला नको, माशांना खायला घाला. मासे खाणं चावून बारीक करतात, त्यांची विष्ठा पाण्यात कणांच्या रूपात पसरते आणि कल्ल्यांवाटे अमोनिया सतत झिरपतो. भरपूर मासे आणि उत्तम स्किमर असलेल्या टाक्यांत अक्रोपोरा खुलतं, हे हौशांना आधी ठाऊक होतं. त्यामागचं एक कारण इंग्लंडच्या साउथॅम्प्टन विद्यापीठात यॉर्ग वीडेनमान आणि सेसिलिया डी’अँजेलो यांच्या गटाने २०२३मध्ये पुढे आणलं. त्यांनी टाक्यांतल्या प्रवाळांना घन अन्न अजिबात दिलं नाही, फक्त पाण्यात विरघळलेला नायट्रोजन आणि फॉस्फरस दिला. प्रवाळ स्वतः ही द्रव्यं या रूपात फारशी वापरू शकत नाही, तरी ती प्रवाळं वाढली. कारण द्रव्यं शेवाळाने शोषली, शेवाळ फोफावलं आणि जादाचं शेवाळ प्रवाळाने पचवून टाकलं. हिंदी महासागरातल्या चागोस बेटांजवळ, जिथे समुद्रपक्ष्यांची विष्ठा पाण्यात उतरते तिथल्या प्रवाळांतही याच व्यवहाराच्या खुणा त्यांना दिसल्या. भाडेकरूला घरमालक खात नाही, हे याँगचं शेवटचं कलम असं निकालात निघालं.

म्हणजे पाण्यात थोडं ‘प्रदूषण’ लागतंच. नायट्रेट लिटरला २ ते १० मिलिग्रॅम, फॉस्फेट ०.०२ ते ०.१ मिलिग्रॅम, असा एक अंदाजपट्टा बरेच जण धरून चालतात. यातलं फॉस्फेटचं गणित एकदा कागदावर मांडून पाहण्याजोगं आहे. कोरड्या मत्स्यखाद्यात वजनाच्या साधारण एक टक्का फॉस्फरस असतो. एक ग्रॅम खाद्यात झाला १० मिलिग्रॅम फॉस्फरस, त्याचं फॉस्फेट होतं सुमारे ३० मिलिग्रॅम. २०० लिटरच्या टाकीत ते सगळं विरघळलं तर लिटरमागे ०.१५ मिलिग्रॅम, म्हणजे एका चिमटीत वरची मर्यादा पार. प्रत्यक्षात बराच वाटा मासे, प्रवाळं, शैवाल आणि जिवाणू आपसांत वाटून घेतात, पण चिमूट रोज पडते. खुल्या प्रवाळभित्तीवर अन्न विरळ असतं, तरी वाहतं पाणी ते सतत आणत असतं आणि उरलेलं पुढे घेऊन जातं. टाकीत पुढे जायला जागा नाही.

म्हणून खाऊ घालणं आणि उपसणं ही दोन कामं वेगळी धरता येत नाहीत. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलणं, स्किमरच्या पेल्यातला काळपट, दुर्गंधीयुक्त अर्क ओतून देणं, शेजारच्या कप्प्यात केटोमॉर्फा हे केसाळ शैवाल वाढवून मुठीमुठीने कापून काढणं, हे सारे उपसण्याचेच प्रकार. सर्वांत गमतीचा प्रकार म्हणजे टाकीत रोज मोजून थेंबभर व्होडका घालणं. मासे झिंगत नाहीत. मद्यार्कातला कार्बन जिवाणूंना मिळतो, ते वाढताना पाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस शोषतात आणि मग स्किमर त्या जिवाणूंनाच फेसातून बाहेर काढतो. शिवाय यातले काही जिवाणू जाता जाता प्रवाळाच्या तोंडी लागतात. मात्रा चुकली तर जिवाणूंचा पांढरा ढग उठतो, पाण्यातला प्राणवायू खाली येतो आणि मासे पृष्ठभागावर धापा टाकतात. त्यामुळे नवख्याने या वाटेला न गेलेलंच बरं.

काही प्रवाळांच्या घरात भाडेकरूच नसतो. नारिंगी-पिवळ्या फुलांचं ट्युबास्ट्रिया उजेडावर जगत नाही. प्रत्येक तोंड सुटं भरवावं लागतं, दोन-तीन दिवसांआड तरी, आणि वसाहतीत चाळीस तोंडं असली तर चाळीस वेळा. गुलाबी-जांभळ्या झुपक्यांचं डेन्ड्रोनेफ्थिया आणखी कठीण. ते वनस्पतिप्लवकांवर जगतं, हे १९९५मध्ये लाल समुद्रातल्या निरीक्षणांतून कळलं, आणि इतकं सूक्ष्म अन्न अहोरात्र वाहतं ठेवणं घरी जवळपास अशक्य. दुकानांत मात्र दिव्याखाली तेच सगळ्यात देखणं दिसतं आणि घरी येऊन काही आठवड्यांत विरघळतं. ते विकणाऱ्यांना दोष द्यावा की विकत घेणाऱ्यांना, हा प्रश्न आहे. मंगळासाठी अंगठीत बसवतात ते भूमध्य समुद्रातलं लाल पोवळंही याच बिनशेवाळी गोतावळ्यातलं.

भारतात या छंदाला कायद्याची चौकट आहे आणि ती गंभीर आहे. दगडी सांगाड्याची सर्व प्रवाळं, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे २००१पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत आहेत. मालवणच्या खडकावरून बोटभर तुकडा खिशात घालणं हा गुन्हा ठरतो. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्यासाठी २०२०मध्ये वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरच्या वसाहती दुसरीकडे हलवायच्या होत्या, तेव्हा महापालिकेलाही आधी परवानगी घ्यावी लागली आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांकडून ते काम झालं. परदेशातून आणायचं तर दगडी प्रवाळांवर साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचीही बंधनं आहेत. तिकडे टाकी बाळगणाऱ्यांची मोठी सोय म्हणजे टाकीतच वाढलेल्या प्रवाळाच्या फांद्या कापून एकमेकांना देण्याची चाल. त्यात समुद्राला हात लागत नाही, आणि भरपेट वाढलेल्या फांदीची जखम लवकर भरते.

राहता राहिला सुट्टीचा प्रश्न. शेवाळवाल्या प्रवाळांना मालक पंधरा दिवस गावाला गेल्याचं काही वाटत नाही. दिवे वेळेवर लागले, माशांचं खाद्य आपोआप पडत राहिलं की त्यांचं भागतं. खरा धोका असतो तो टाकीकडे लक्ष ठेवायला सांगितलेल्या दयाळू शेजाऱ्याकडून. मासे काचेपाशी आले की त्यांना भूक लागली असं त्याला वाटतं आणि तो पुन्हा डबा उघडतो. म्हणून जाणते लोक रोजची चिमूट औषधाच्या वारांच्या डबीत भरून ठेवतात आणि मोठा डबा कपाटात कुलूप लावून जातात. घरात ट्युबास्ट्रिया असेल तर मात्र शेजाऱ्याला पिपेट धरायला शिकवावं लागतं, आणि कोळंबीबद्दल आधीच सावध करावं लागतं.